रोजची भांडी

३ मार्च, शुक्रवार

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मार्चअखेर असल्यामुळे शीतगृहाच्या हिशेब खात्यात मला मान वर करण्यास सवड नाही, हे तू गृहीत धरलेच असशील. तरीही हे पत्र लांबणार आहे, कारण विषयच तसा आहे. प्रकृती ठीक. तुझी वहिनी ठीक. माझे डोके मात्र ठिकाणावर नाही.

मंडईच्या समितीने काल ठराव केला. वरची आळी आणि खालची आळी यांच्यातील कराराला लवकरच एक तप पूर्ण होते, म्हणून मंडईच्या दाराशी दगडी फलक बसवायचा आणि त्यावर कराराचे आठवे कलम कोरायचे. इथवर माझी हरकत नव्हती. परंतु कलमाखाली ‘कलमकर्ते’ म्हणून एकाच माणसाचे नाव यायचे आहे, आणि तो मी नव्हे. तो खालच्या आळीचा शिंपी आहे. आपले मास्तर.

तुला ही हकिगत ठाऊक आहे, पण ऐकीव. मी क्रमाने मांडतो, म्हणजे अन्याय नेमका कोठे झाला ते दिसेल. मंडई जळाली ती एका हातगाडीच्या जागेवरून. सकाळची बाचाबाची दोघांनीही पोटात ठेवली, रात्रभर ती आंबली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या रस्त्यावर आल्या. वरच्या आळीचा गिरणीतला माणूस धुरात गेला. खालच्या आळीतून मास्तरांचा पाठचा भाऊ गेला. त्यानंतर कित्येक महिने दोन्ही आळ्या एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या. अखेर करार ठरला. वरच्या आळीचा चिटणीस या नात्याने मी टंकयंत्रावर बसलो आणि खालच्या आळीच्या वतीने मास्तरांनी मजकूर सांगितला. आठवे कलम असे ठरले होते : ‘दोन्ही आळ्यांनी रोजची भांडणे दुसऱ्या दिवसावर ठेवू नयेत.’ कागदावर उमटले ते असे : ‘दोन्ही आळ्यांनी रोजची भांडी दुसऱ्या दिवसावर ठेवू नयेत.’

सर्वांच्या सह्या झाल्यावर भाजीवाल्या आजींनी विचारले की भांडी कोणाची आणि कुठली. सगळ्यांना पुन्हा सहीला बसवणे म्हणजे विझलेल्या चुलीत फुंकर मारणे होते. तेव्हा भांडीच शोधावी लागली. दोन्हीकडच्या चहाच्या टपऱ्या जळाल्याच होत्या. मंडईत एक सामाईक चहाची खोली काढली आणि नियम केला, की रोज संध्याकाळी शटर पडण्यापूर्वी वरच्या आळीचा एक आणि खालच्या आळीचा एक, अशा दोघांनी तिथले कप, बशा आणि किटल्या धुवाव्यात. एकाने घासावे, दुसऱ्याने विसळावे. नळ एकच. खांद्याला खांदा लागलेला माणूस किती वेळ गप्प राहील? दिवसभराची कुरबुर साबणाच्या फेसाबरोबर बाहेर पडू लागली. त्या दिवसापासून मंडईत काठी उगारली गेलेली नाही. गुरुवार माझा आणि मास्तरांचा.

आता मुद्दा असा, की ती चूक कोणाची? मास्तर म्हणत, माझी बोटे घसरली. मी म्हणे, त्यांची जीभ घसरली. माझी बोटे आजवर घसरलेली नाहीत. हे मी सभेत इतक्या वेळा सांगितले, की ते इतिवृत्तात कायमचे बसले. मग गेल्या वर्षी त्या विद्यापीठाच्या बाई आल्या. एवढी शांतता टिकली कशी, असे विचारून त्यांनी लेख लिहिला आणि आठव्या कलमाला दूरदृष्टी म्हटले. झाले! नवे अध्यक्ष, म्हणजे आपल्याच आळीचे औषधवाले, इतिवृत्त उघडून म्हणाले की जीभ मास्तरांची, तेव्हा कलमही मास्तरांचे. मी माझ्याच शब्दांनी बांधला गेलो. धाकटे, तुला म्हणून लिहितो : ती बोटे माझीच घसरली असली पाहिजेत.

औषधवाल्यांनी जोडीला कागदी कपांचाही प्रस्ताव आणला आहे. फलक झाल्यावर भांडी हवीत कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी ताबडतोब अनुमोदन दिले. ज्याचे नाव दगडावर, त्याने दगडाशीच बोलावे.

जाता जाता एक किरकोळ गोष्ट. परवाच्या मंगळवारी मी सहज मंडईवरून येत होतो. मंगळवार मास्तरांचा आणि औषधवाल्यांचा असतो. दोघे नळाशी असे खदखदून हसत होते, की मास्तरांच्या हातून बशी निसटून फुटली. माझ्याबरोबर असताना त्यांच्या हातून बशी कधीही फुटलेली नाही. नोंद म्हणून लिहिले, इतकेच.

लोभ असावा, मत्सराची शिल्लक माझ्याकडे भरपूर आहे.

तुझा,
दादा


८ मार्च, बुधवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना मी इतकी हसले, की पाळणाघरातल्या दोन मुली रडायच्या थांबून माझ्याकडे बघत बसल्या. ज्या बोटांची तू आयुष्यभर शपथ घेतलीस, ती घसरली होती असं आता दगडावर कोरून हवंय? लहानपणी माझी पाटी तपासताना एका काना-मात्रेसाठी तू मला अर्धा तास उभं करायचास. तेव्हाच कोणी सांगितलं असतं, की हा माणूस पुढे एका चुकीच्या मालकीसाठी भांडणार आहे, तर ते उभं राहणं मी हसत सोसलं असतं.

पण खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. आमच्या इमारतीच्या दोन भागांत गाड्या लावण्यावरून तंटा झाला, तुला लिहिलं होतं. तो मिटला. म्हणजे काय झालं, तर आता फाटकं दोन, पाण्याचे पंप दोन, जिनेसुद्धा मधून बंद. भांडण होतच नाही, कारण कोणी कोणाला भेटतच नाही. शांतता आहे, पण ती कुलूप घातलेल्या घरातली. परवा पलीकडच्या भागातले एक आजोबा गेले, ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. आणि इथे माझी मुलं! एका लाल बादलीसाठी केस ओढतात, चावतात. पण आया न्यायला उशिरा येतात, पळून जायला जागा नसते, मग झक मारत त्याच बादलीत दोघांचे हात जातात. तुमचा नळ मला त्या बादलीसारखा वाटतो.

म्हणून विचारते. कागदी कपाला अनुमोदन देताना तू चिटणीस होतास, की बादली न मिळालेला मुलगा? आणि ती फुटलेली बशी ‘किरकोळ’ असती, तर तू तिला स्वतंत्र परिच्छेद दिला नसतास. तुझे परिच्छेद मी ओळखते.

मास्तरांना माझा नमस्कार सांग. माझं पहिलं पोलकं त्यांनी शिवलं होतं, आणि बाही जरा मोठी ठेवली होती, वाढीला म्हणून. वहिनीला फार फार आठवण.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
धाकटी


१८ मार्च, शनिवार

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांना न सांगता हे पत्र लिहितेय. ते कामावर गेलेत. ते तुम्हाला ‘सर्व ठीक’ असं लिहितील, म्हणून आधीच कळवते, की काही ठीक नाही.

गेल्या दोन गुरुवारी ते मंडईत गेले नाहीत. कारण गुडघा. गुडघा खरा दुखत असता, तर त्यांनी कोणता, कधीपासून आणि कितव्या पायरीला, हे सगळं सांगितलं असतं. नुसतं गुडघा म्हणाले, तेव्हाच मी समजले. मास्तर पहिल्या गुरुवारी नळाशी शटर पडेपर्यंत उभे होते म्हणे. एकट्याने घासायचं नाही असा नियम, म्हणून हात न लावता भांडी तशीच टाकून गेले. मग चिटणीसच येत नाहीत तर आम्ही का यावं, असं करत बाकीच्या जोड्याही फुटल्या. चहा कागदी कपात यायला लागला. औषधवाले खूश. मोरीत भांड्यांचा ढीग, आणि त्याच्याकडे बघायला कोणी नाही.

आता खरं सांगायचं ते. मागच्या सोमवारी खालच्या आळीच्या गाडीवाल्याने हातगाडी गिरणीच्या तोंडाशी लावली. गिरणीवाले कुरकुरले, गाडीवाला गुरकावला. एरवी संध्याकाळी कोणीतरी नळाशी ते काढलं असतं आणि हसण्यावारी गेलं असतं. या वेळी काढायला कोणी नव्हतं. चार दिवस ते आतल्या आत राहिलं, आणि काल सकाळी गाडीची दोन्ही टायरं कापलेली सापडली. वन्सं, आज दुपारी मी मंडईत गेले, तर दुकानं अर्धी उघडी होती. अर्ध्यावर ओढलेलं शटर मी यापूर्वी एकदाच बघितलंय, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. भाजीवाल्या आजींनी टोपली भरलीच नव्हती. म्हणाल्या, पळायला हलकं बरं.

यांना सांगितलं, तर म्हणाले, मास्तरांना सांग, कलमकर्ते ते आहेत.

तुम्ही हसाल, पण या घरात मला सवत आहे आणि ती शिंपीकाम करते. संसारात माझ्याशी जेवढं बोलले नसतील, तेवढं हे त्या नळाशी बोललेत. बुधवारी रात्री सदरा काढून ठेवतात, बाह्या सहज दुमडता येतील असा. गुरुवारी घरी आले, की हाताला साबणाचा वास आणि तोंडात मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. पूर्वी मला राग यायचा. आता दोन गुरुवार हे घरात नुसते घड्याळाकडे बघत बसले, तेव्हा वाटलं, त्यापेक्षा सवत परवडली. यांचं दुखणं दगडावरच्या नावाचं नाही हो. मास्तर दुसऱ्याबरोबर हसले, हे दुखणं आहे. पण तसं बोलतील तर ते तुमचे दादा कसले?

तुमचं ऐकतात. चार शब्द लिहा. माया राहू द्या. ती या घरात सध्या थोडी कमी पडतेय.

तुमची,
वहिनी


२० मार्च, सोमवार (पोस्टकार्ड)

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मुद्दाम धाडतेय, पोस्टमननेही वाचावं म्हणून. टायर कापल्याचं कळलं. गुरुवारी तू नळाशी उभा नसलास, तर मी पाळणाघर बंद करून येईन आणि वरच्या आळीच्या वतीने स्वतः भांडी घासेन. मग फलकावर माझं नाव कोरावं लागेल, आणि ते तुला मास्तरांच्या नावापेक्षा जड जाईल.

आशीर्वाद असावा, गुडघ्यासकट.

धाकटी


२१ मार्च, मंगळवार

रा. रा. चिटणीससाहेबांस,
स. न. वि. वि.

आपल्या दोघांच्या घरांमध्ये एका मंडईचे अंतर आहे. तरी हे पत्र टपालाने पाठवतो, कारण तुमच्या दारात येऊन बोललो, तर तुम्ही म्हणाल की मास्तर मोठेपणा मिरवायला आले.

फलकाची मागणी मी केली नाही. नको म्हणालो का, तर तेही नाही म्हणालो. खोटे कशाला सांगू? जन्मभर लोकांच्या कपड्याच्या आतल्या बाजूला टीप घातली. एकदा आपले नाव बाहेरच्या बाजूला दिसावे असे वाटले. शिवाय तुमचा हेवा मला आजचा नाही. करार टंकून झाला तेव्हा सगळ्यांनी तुमच्या अक्षरांच्या सरळ ओळींचे कौतुक केले. माझ्या जिभेचे कोणी केले नाही. घरात भाऊ गेलेला होता. त्या दिवशी मी काय बोललो, भांडणे की भांडी, हे मलाच आठवत नाही. ‘भांडण’ हा शब्द तेव्हा माझ्या तोंडातून निघत नव्हता, एवढे आठवते.

तेव्हा नाव तुमचे घाला. मी अध्यक्षांना तसे सांगतो. पण गुरुवारी विसळायला या. मी एकटा घासणार नाही, आणि दुसऱ्या कोणाबरोबर गुरुवार धरणार नाही. कापड उसवायला लागले, की शिंपी पहिला टाका कुठे सुटला ते बघतो. या खेपेला तो गाडीवाल्याचा नव्हे, आपला सुटला.

आणखी एक. इतकी वर्षे सांगायचे राहिले : तुम्ही विसळता तेव्हा कपाच्या कानात साबण राहतो. मी कप कधी परत विसळला नाही, पण राहतो.

कळावे. लोभ उसवू नये.

आपला,
शिंपी, खालची आळी


२४ मार्च, शुक्रवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कार्ड पोस्टमनने खरोखरच वाचले होते. ते देताना त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्याच टपालाने मास्तरांचेही पत्र आले. ते मी दोनदा वाचले. कपाच्या कानात साबण राहतो, हा आरोप मी तत्त्वतः अमान्य करतो.

काल शीतगृहातून लवकर निघालो. मंडईच्या दारात गर्दी होती, आणि ती नको तशी उभी होती : वरची आळी एका अंगाला, खालची दुसऱ्या, मध्ये रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत टेम्पो, आणि टेम्पोत कापडाने झाकलेला फलक. गिरणीवाले आमच्या बाजूला हाताची घडी घालून उभे होते. गाडीवाला समोर, त्याची टायर नसलेली गाडी त्याच्या मागे. मास्तर नळाच्या दिशेला एकटेच. मी त्यांच्याकडे पाहिले नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि हे दोघांनाही कळले.

औषधवाल्यांनी कापड काढले आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांच्या एकट्याच्याच वाजल्या. अक्षर उत्तम होते. खाली नावाची जागा कोरी होती, कारण मास्तरांनी खरोखरच आदल्या दिवशी निरोप देऊन स्वतःचे नाव थांबवले होते. आजींना दिसत नाही, म्हणून कोणीतरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले : दोन्ही आळ्यांनी रोजची भांडणे दुसऱ्या दिवसावर ठेवू नयेत. आजींनी विचारले, की मग भांडी कुठे गेली?

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. भांडणे! फलक घेऊन आलेला पाथरवट अभिमानाने सांगू लागला की कागदावर भांडी लिहिले होते, पण शहाणा माणूस असे लिहिणार नाही. कोणाची तरी चूक असावी, म्हणून त्याने ती आपणहून सुधारली, त्याचे वेगळे काही नको. धाकटे, जन्मात प्रथमच मी व्याकरणदृष्ट्या, अर्थदृष्ट्या आणि मूळ ठरावाच्या दृष्टीने संपूर्ण निर्दोष वाक्य पाहिले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झालो. त्याच वेळी पलीकडून मास्तर पुढे झाले. आम्ही काय बोलायचे हे ठरवले नव्हते, पण शब्द एकदमच निघाले.

“चूक आमची आहे. ती दुरुस्त करू नका.”

आधी कोण हसले, सांगता येणार नाही, बहुधा आजी. आमची, असे आम्ही दोघे म्हणालो, हे माझ्या लक्षात नंतर आले. मास्तरांच्या लक्षात ते आधीच आले असावे, कारण ते नळाकडे वळून डोळे पुसत होते. फेस अजून झाला नव्हता, तेव्हा साबण डोळ्यात गेला म्हणण्याची सोय त्यांना नव्हती.

मी घड्याळ काढून खिशात ठेवले आणि बाह्या दुमडल्या. मोरीतला ढीग पाहून अंगावर काटा आला. दुधाची साय वाळून पातेल्यांवर तिची चामडी झाली होती. हे काम दोघांच्याने उरकणारे नव्हते. मास्तरांनी मागे न पाहता सांगितले, की गाडीवाल्याने दुसरी बादली घ्यावी. मीही मागे न पाहता म्हणालो, की गिरणीवाल्यांनी विसळावे. दोघे आले. मोठ्या किटलीपाशी गाडीवाल्याचा हात थांबला आणि तो म्हणाला, की टायर कापण्यापेक्षा मला चार शिव्या दिल्या असत्या तर चालले असते. गिरणीवाल्यांनी किटली जोरात आदळली. मग दोघे असे भांडले, की बाहेरची माणसे आत डोकावली. भांडी वाजत होती आणि माणसेही. औषधवाले मध्ये पडायला निघाले, तेव्हा आजींनी त्यांना अडवले. वाजू द्या, म्हणाल्या, भांड्याला भांडे लागल्याशिवाय घर कसले. शेवटी गिरणीवाल्यांनीच मान खाली घालून सांगितले, की टायर त्यांच्या पुतण्याने कापली. ते त्यांना त्याच दिवशी कळले होते, पण सांगायला जागा उरली नव्हती. हे शेवटचे वाक्य माझ्या अनुमोदनावर बरोबर येऊन बसले. टायर ते बसवून देणार आहेत, आणि दळणाच्या वेळेत गाडी गिरणीच्या दाराच्या अलीकडे उभी राहणार आहे.

कागदी कपांचे अनुमोदन मी लेखी मागे घेतले. फलक परत करण्यात अर्थ नव्हता. नळाखाली नेहमी चिखल होतो, म्हणून तो दगड तिथेच बसवला, अक्षरे खाली करून. पाथरवट नाराज झाला. त्याच्या चहाचा कप मी स्वतः विसळून दिला, कानासकट.

विद्यापीठाच्या बाईंना उत्तर लिहायचे राहिले आहे. शांतता टिकते कशी, असे त्यांनी विचारले होते. मी लिहिणार आहे की टिकत नाही. ती संध्याकाळपर्यंत मळते, आणि दोन माणसे लागतात. यात दूरदृष्टी कोणाचीही नव्हती, हेही लिहीन. मास्तरांनी मजकूर तपासून द्यायचे कबूल केले आहे.

भांडी पुसताना मी त्यांना सहज विचारले, की त्या मंगळवारी एवढे हसण्यासारखे काय झाले होते. ते प्रथम टाळू लागले. मग सांगितले, की मी फळीवर कप मांडताना सगळ्यांचे कान एका दिशेला कसे करतो आणि शेवटचा कप फिट्ट बसेपर्यंत श्वास कसा रोखतो, याची ते नक्कल करून दाखवत होते. म्हणजे दुसऱ्याबरोबर उभे राहूनही बोलणे माझ्याविषयीच चालले होते. मला राग यायला हवा होता. तुझी वहिनी म्हणते, की मी घरी आल्यापासून शीळ घालतो आहे. मी ते मान्य केलेले नाही.

तरीही ती बशी माझ्या मनातून जात नाही. म्हणून औषधवाल्यांना शनिवार दिला, आणि मंगळवारची पाळी मी स्वतःकडे मागून घेतली आहे.

लोभ असावा. थोडा मास्तरांनाही पाठव. पण माझ्याहून कमी.

तुझा,
दादा